गावाच्या माहितीत ‘सार्वजनिक बस : उपलब्ध’ लिहिलंय, बस तर येत नाही. आराखड्यात काय लिहू?

कुंभीपलीकडची

नमस्कार मंडळी. मी पन्हाळा तालुक्यातल्या एका लहान गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर उद्या इथला शब्द न् शब्द चावडीवर वाचला जाईल. कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यानं कळ्याच्या पुढं आलं की आमचा फाटा लागतो. फाट्यावरून खाली उतरलं की कुंभी नदी, तिच्यावर केटी बंधारा आणि बंधाऱ्यापलीकडं गाव.

ग्रामसभेसमोर विकास आराखडा ठेवायचाय. त्यात सुरुवातीला ‘गावाची सर्वसाधारण माहिती’ अशी दोन पानं असतात. दरवर्षी मागच्या वर्षीचीच पानं पुढं चिकटवली जातात. यंदा ते काम माझ्याकडं आलं, म्हणून नेटवर शोधलं. गावाची माहिती देणारी एक साइट सापडली. लोकसंख्या, स्त्री-पुरुष, साक्षरता, कामकरी किती, सगळं २०११ च्या जनगणनेचं. त्याखाली वाहतूक. सार्वजनिक बस : उपलब्ध. रेल्वे स्थानक : १० किमीपेक्षा जास्त. ट्रॅक्टर : उपलब्ध. बारमाही रस्ता : उपलब्ध.

वाचून मला हसावं की रडावं कळेना. लग्न होऊन मी या गावात आले २०१५ ला. तेव्हापासून बस गावात म्हणावी तशी कधी दिसलीच नाही. माझी सगळी धाव फाट्यापर्यंत, तिथून मिळेल ती एसटी नाहीतर वडाप, म्हणजे सीटवर भाडं घेणारी खासगी जीप. पावसाळ्यात बंधारा पाण्याखाली गेला की खालच्या पुलाला वळसा घालून जावं लागतं.

तर विचारायचंय ते असं. सरकारी आकडा आहे म्हणून ‘उपलब्ध’च लिहू, की जे दिसतं ते लिहू? ‘नाही’ लिहिलं तर पंचायत समितीत कुणी हरकत घेईल का? लोकसंख्या २०११ चीच घालायची, की काही टक्के वाढवून? आणि साक्षरतेची टक्केवारी मी साध्या भागाकारानं काढली तर ती साइटवरच्या आकड्याशी जुळतच नाही. कुणी समजावून सांगेल का?

गुरुजी_करवीर

ताई, २०११ ला मी प्रगणक होतो, त्यामुळं यातल्या थोड्या गोष्टी सांगू शकतो.

आधी साक्षरता, कारण ते सोपं आहे. जनगणनेत साक्षर-निरक्षर हे सात वर्षं आणि त्यापुढच्यांचंच बघतात. ० ते ६ वयाची पोरं बाजूला काढून मग भागायचं. समजा गावाची लोकसंख्या २०००, त्यात ० ते ६ ची २०० आणि साक्षर १४४०. तुम्ही १४४० भागिले २००० केलंत तर ७२ टक्के येतात. खरं उत्तर १४४० भागिले १८००, म्हणजे ८०. तुमचा फरक इथलाच असणार. ० ते ६ चा आकडा त्याच तक्त्यात वेगळा दिलेला असतो.

आता बस. लोकसंख्या आणि सोयीसुविधा या दोन वेगळ्या याद्या आहेत. डोकी मोजली फेब्रुवारी २०११ मध्ये, ९ ते २८ तारखेपर्यंत, संदर्भ दिनांक १ मार्च. गावात शाळा आहे का, बस येते का, डांबरी रस्ता आहे का, ही ग्रामनिर्देशिका मात्र २००९ ची परिस्थिती धरून भरलेली होती. साइटवाल्यांनी दोन्ही एका पानावर आणून ‘२०११’ असं शीर्षक ठोकलं. त्यामुळं ‘बस उपलब्ध’ हे २००९ चं वाक्य आहे. तुम्ही गावात येण्याच्या सहा वर्षं आधीचं. तेव्हा गाडी येत होती का, हे सासूबाईंना विचारा.

लोकसंख्येबद्दल एक कुणी सांगत नाही ती गोष्ट. फेब्रुवारी म्हणजे आपल्याकडं ऊसतोडीचा ऐन हंगाम. बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या शिवारात कोप्या (झोपड्या) घालून राहिलेल्या असतात. नियम असा होता की मोजणीच्या सगळ्या काळात माणूस आपल्या मूळ गावाबाहेर असेल तर तो जिथं सापडेल तिथं मोजायचा. मी स्वतः उसाच्या फडाशेजारी बसून, पाचटावर वही ठेवून कोप्यांतली कुटुंबं लिहिली आहेत. ती माणसं आपल्या गावाच्या आकड्यात आली. उलट मुंबईला कायम असलेली आपली माणसं आली नाहीत. त्यामुळं नदीकाठच्या, उसाच्या गावात ‘लोकसंख्या’ म्हणजे पाणीपट्टी भरणारे लोक असं समजू नका. तुमच्या गावात टोळ्या किती उतरतात बघा आणि तशी एक ओळ लिहा.

टक्के वाढवून लिहू नका. जिल्हा २००१ ला ३५,२३,१६२ होता, २०११ ला ३८,७६,००१ झाला, म्हणजे दहा वर्षांत १० टक्के. पण ही वाढ सगळीकडं सारखी नाही. करवीर, हातकणंगल्याचं गणित वेगळं, आणि आजऱ्यासारख्या भागात पुरुष नोकरीला बाहेर गेल्यामुळं बायकाच जास्त दिसतात. जिल्ह्याची टक्केवारी तुमच्या गावाला लावली तर नसलेली माणसं कागदावर जन्माला येतील. ‘जनगणना २०११ नुसार इतकी’ असं लिहा आणि शेजारी आशाताई व अंगणवाडी सेविकेच्या सर्वेक्षणाचा आजचा आकडा, तारखेसह. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. तिचे गावनिहाय आकडे येईपर्यंत असंच चालवावं लागणार.

घरांच्या आकड्यातही गंमत आहे. जनगणनेत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला घर म्हणजे कर आकारलेली मिळकत. एका वाड्यात तीन चुली असतील, एका चुलीची दोन घरं असतील. दोन्ही आकडे एका ओळीत घालून सरासरी काढायच्या फंदात पडू नका.

नादखुळा_०९

सायकलरिक्षा : नाही. बैलगाडी : आहे. ट्रॅक्टर : आहे. ट्रॅक्टरनं कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्यात पेशंट न्यायचा का ओ? 😄 आणि वडापचा रकाना कुठाय? अर्धा जिल्हा त्याच्यावर चालतोय.

रंकाळा_स्टँड

ताई, मी एसटीत वाहक होतो, आता निवृत्त. तुम्ही फाटा, बंधारा आणि पुलाचा वळसा एवढं सांगितलंत तेवढ्यात गाव ओळखलं. नाव सांगणार नाही, काळजी नको.

गुरुजींनी बरोबर सांगितलंय. २००९ ला तुमच्या गावात मुक्कामाची गाडी होती. बंधाऱ्यावरनं न्हाई हां, बंधाऱ्यावर एसटी घालायची म्हणजे नोकरी आणि जीव दोन्ही घालवायचं. खालच्या पुलावरनं, वळसा मारून यायची. रात्री शेवटची फेरी, पहाटे परत. मी त्या गाडीवर होतो. शाळेच्या व्हरांड्यात आमचा मुक्काम. ड्रायव्हर गाडीतच झोपायचा, कारण त्याला डिझेलची काळजी. पहाटे गाडीत काय असायचं ते सांगतो, म्हणजे गावाची खरी माहिती काय असते ते कळेल. पुढच्या सीटवर कॉलेजची पोरं, पास हातात न धरता नुसतं ‘पास’ म्हणणारी. मधे एमआयडीसीवाले, डबा मांडीवर, डोळं मिटलेलं. मागं मेथी-कोथिंबिरीच्या पेंढ्या घेऊन बाया, त्यांच्याशी लगेजच्या तिकिटावरनं रोजची हुज्जत. टपावर कधीतरी कोंबड्यांची करंडी. गाव काय करतं, काय पिकवतं, कुठं शिकतं, सगळं त्या एका गाडीत दिसायचं.

मग काय झालं? एमआयडीसीवाल्यांनी मोटारसायकली घेतल्या. शिरोलीला नाहीतर गोकुळ शिरगावला पाळीला जाणाऱ्याला एसटीची वेळ जमतच न्हाई. ते गेले तसं गाडीचं भारमान, म्हणजे भरलेल्या सीटांचं प्रमाण, पडलं. उरल्या पोरी, म्हाताऱ्या आणि बाजाराच्या बाया. मुक्काम सुटला, दिवसाची एक फेरी ऱ्हायली, ती बी कधी यायची कधी न्हाई. तुम्ही लग्न होऊन आलात तो हाच काळ. २०२० ला टाळेबंदीत तीही थांबली. नंतर २०२१-२२ चा संप लांबला, आणि अशा किती आडवळणाच्या फेऱ्या बंद झाल्या त्या झाल्याच.

म्हणून माझं म्हणणं ऐका. ‘आहे’ बी लिहू नका, ‘नाही’ बी लिहू नका. वेळ लिहा. कुठली गाडी, कुठं थांबते, जाताना कितीला, आणि येताना शेवटची कितीला. येतानाची महत्त्वाची. जायला माणूस कसाही जातोय, कुणाच्याही मोटारसायकलवर बसतोय. संध्याकाळी कोल्हापुरातनं सुटलेली गाडी चुकली की तिथनं पुढं वडाप भरलं तरच गाव. आणि फाट्यावर उतरल्यावर अंधारात नदीपर्यंत चालत कोण जाणार? पोरीचं अकरावीचं नाव इथंच कटतं. तुमच्या तक्त्यात ‘महाविद्यालय : १० किमीच्या पलीकडं’ एवढंच येईल. कॉलेज सुटायची वेळ आणि शेवटच्या गाडीची वेळ शेजारी-शेजारी लिहा, बीडीओला (गटविकास अधिकाऱ्याला) पण कळेल.

वडापवाल्याचं विचारलंय कुणीतरी. वडाप भरल्याशिवाय हलत न्हाई, ही त्याची वेळ. आणि २०२३ च्या मार्चपासनं बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालंय. तेव्हापासनं फाट्यावर बघा. नवरा वडापात बसून पुढं जातोय, बायको शेडमधी पिशवी मांडीवर घेऊन एसटीची वाट बघत बसलीय. पंचाहत्तरच्या पुढची म्हातारी तर फुकट जाती, ती वडापकडं ढुंकून बघत न्हाई. अकरावी-बारावीच्या पोरींनाही पास मोफत आहे. सवलत सगळ्यांना आहे, गाडी फाट्यावरच आहे. तुमच्या गावच्या म्हातारीनं त्या फुकट गाडीपर्यंत यायला मोटारसायकलवाल्याचं पाय धरायचं. हे लिहा आराखड्यात.

कुंभीपलीकडची

काका, सासूबाईंना विचारलं. मुक्कामाची गाडी त्यांना चांगलीच आठवते. कंडक्टर चहाला घरी यायचे म्हणाल्या, ते तुम्ही की दुसरे कुणी देव जाणे. ‘दूध जास्त घाला म्हणायचा’ एवढी खूण सांगितलीय.

गुरुजी, साक्षरता जुळली. टोळ्यांचंही बरोबर आहे, नदीकाठच्या फडांवर दरवर्षी कोप्या पडतात.

एक राहिलं. आमचं तालुक्याचं ठिकाण पन्हाळा. साइटवर तालुक्याचं अंतर किलोमीटरमध्ये दिलंय आणि ते फार वाटत नाही. पण थेट गाडी नाही, म्हणून आधी कोल्हापूरला जायचं आणि तिथून दुसऱ्या गाडीनं गड चढायचा. तहसीलचं एक काम म्हणजे अख्खा दिवस आणि रोजगार बुडाला. हे कुठल्या रकान्यात बसतं?

रंकाळा_स्टँड

जास्त दूध म्हणणारा मी न्हवं, तो ड्रायव्हर. सासूबाईंना नमस्कार सांगा.

ग्रामा_इजिमा

रस्त्यांच्या कामात आयुष्य गेलंय म्हणून लिहितो. तुमच्या प्रश्नाला रकाना नाही, तो तुम्हीच करा. ‘तालुका : इतके किमी, प्रत्यक्ष प्रवास कोल्हापूरमार्गे, दोन गाड्या’ असं सरळ लिहा. जनगणनेच्या तक्त्यात ‘जवळचं शहर’ हाही एक रकाना असतो. पन्हाळा नगरपरिषद आहे म्हणून ते शहर. वस्ती जेमतेम तीन हजारांची. त्याच्यापेक्षा मोठी खेडी आपल्या जिल्ह्यात ढिगानं आहेत. तुमचा बाजार, दवाखाना, खतं, कपडे सगळं कळे नाहीतर कोल्हापूर, तेव्हा तेच लिहा.

‘बारमाही रस्ता : उपलब्ध’ यावर मात्र माझं वाहककाकांपेक्षा वेगळं मत आहे. त्यांना गाडी दिसते, मला रस्ता दिसतो, आणि रस्ता नसेल तर गाडी मागून उपयोग नाही. तुमच्या गावाला दोन वाटा आहेत. एक बंधाऱ्यावरची, जवळची. दुसरी पुलावरून, लांबची. बारमाही आहे ती लांबची. बंधाऱ्यावरची वाट ही मुळात वाहतुकीसाठी नाहीच. बंधारा पाणी अडवायला बांधलेला. पावसाळ्याआधी बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढायचे, पाऊस सरला की घालायचे, आणि पूर आला की पाणी वरून जाऊ द्यायचं, हीच त्याची रचना. त्याच्या माथ्यावरून मोटारसायकली आणि जीप जातात ही लोकांची सोय झाली. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. टीव्हीवर तेव्हा बातमी सुरू होते. तुमचा बंधारा त्याच्या कितीतरी आधी बुडालेला असतो आणि त्याची बातमी ‘जिल्ह्यातील अमुक बंधारे पाण्याखाली’ या एका ओळीत उरकते. २०१९ आणि २०२१ ला तर गगनबावड्याचा मुख्य रस्ताही पाण्यात होता, मग फाट्याचा काय उपयोग?

त्यामुळं वाहतुकीचं पान दोन भागांत करा, उन्हाळा-हिवाळा एक आणि पावसाळा दुसरा. प्रत्येक भागात फाट्यापर्यंत अंतर किती आणि कोणत्या वाटेनं. पावसाळ्याच्या भागात बंधारा बुडाल्यावर दुधाची गाडी कुठून येते तेही लिहा. दूध संघाचा टेम्पो सकाळ-संध्याकाळ येतोच, वळसा पडला तरी येतो. ज्या रस्त्यानं तो येतो तो तुमचा खरा बारमाही रस्ता. त्याचा क्रमांक जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात मिळेल, ग्रामा (ग्रामीण मार्ग) किंवा इजिमा (इतर जिल्हा मार्ग) असेल. राज्य मार्ग किंवा प्रजिमा (प्रमुख जिल्हा मार्ग) असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाकडं जावं लागतं. क्रमांक नसलेल्या रस्त्यावर खर्च टाकता येत नाही, म्हणून तो पानावर असायलाच हवा.

आणि मोटारसायकली. वाहतुकीच्या यादीत दुचाकी नाहीच. ती आहे जनगणनेच्या घरयादीत, टीव्ही-फ्रिजच्या रांगेत, मालमत्ता म्हणून. २०११ ची गावनिहाय टक्केवारी तिथं मिळते. आज दारोदार विचारलंत तर आकडा कुठल्या कुठं गेलेला दिसेल. पण मोजताना गाडी किती एवढंच विचारू नका, घरातल्या किती जणांना चालवता येते तेही विचारा.

नादखुळा_०९

हे शेवटचं वाक्य भारी. आमच्यात दोन गाड्या आहेत आणि आईला फाट्यापर्यंत न्यायला मी घरी असावा लागतो.

कुंभीपलीकडची

तुमचं सगळ्यांचं ऐकून वाहतुकीचा मजकूर असा केलाय, बघा बरं :

“जनगणना २०११ च्या ग्रामनिर्देशिकेत (परिस्थिती सन २००९) सार्वजनिक बस उपलब्ध अशी नोंद आहे. ती फेरी सन २०२० पासून बंद आहे. सध्या गावठाणात एकही एसटी येत नाही. नजीकचा थांबा नदीपलीकडील फाटा. ऑक्टोबर ते मे या काळात बंधाऱ्यावरून पायी अथवा दुचाकीने जाता येते. पावसाळ्यात बंधारा पाण्याखाली असताना पुलामार्गे वळसा घालावा लागतो. फाट्यावरील पहिली व शेवटची गाडी, महाविद्यालय सुटण्याची वेळ आणि तहसील कार्यालयास जाण्याचा मार्ग सोबतच्या तक्त्यात दिला आहे. ज्यांच्या घरी दुचाकी नाही किंवा घरातील कोणासही ती दिवसा उपलब्ध नसते अशी कुटुंबे सर्वेक्षणानंतर नोंदवू.”

हे चालेल का? आणि फेरी परत मागायची तर अर्ज कुणाला करायचा?

गुरुजी_करवीर

चालेल. ‘सन २००९’ कंसात ठेवलंत ते उत्तम, हरकत घेणाऱ्याचं तोंड तिथंच बंद. वाड्या असतील तर त्यांचंही अंतर वेगळं द्या. जनगणना महसुली गाव मोजते, त्यामुळं डोंगरातला धनगरवाडा गावाच्याच आकड्यात असतो आणि फाट्याचं अंतर मात्र गावठाणापासून धरलेलं असतं. सर्वेक्षणाला शाळेची मोठी पोरं घ्या, पण मोटारसायकलीचा प्रश्न घरातल्या बाईलाच विचारायला सांगा.

रंकाळा_स्टँड

अर्ज आगार व्यवस्थापकाच्या नावानं, प्रत विभाग नियंत्रकांना. सोबत ग्रामसभेचा ठराव. नुसतं ‘गावाची गैरसोय होते’ लिहू नका, असले अर्ज गठ्ठ्यानं पडलेले असतात. शाळा-कॉलेजच्या पासवाल्या पोरापोरींची यादी जोडा, शाळेच्या शिक्क्यासकट. पंचाहत्तरच्या पुढची माणसं किती, बाजाराला जाणाऱ्या बाया किती, ते लिहा. मुक्काम मागू नका, तो मिळणं अवघड. सकाळची कॉलेजची एक आणि संध्याकाळची परत एक, एवढंच मागा, आणि शेजारच्या दोन गावांचे ठराव पण लावा, म्हणजे भारमान दाखवता येतंय.

ग्रामा_इजिमा साहेब म्हणतात ते रस्त्याचं खरं आहे. पुलाकडनं येतानाच्या वळणावर झाडाच्या फांद्या आत आल्यात, काचेला लागतात, त्या आधी तोडून घ्या. आणि पाहणीला आलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, गाडी वळवायला जागा कुठाय? ती जागा ठरावातच लिहून द्या. शाळेच्या मैदानाकडची द्या. देवळासमोरची देऊ नका, जत्रेत मांडव पडला की ड्रायव्हर गावाबाहेरनंच परत जातोय.